कुटकीचं गाठोडं

उपासनेच्या वेळी दाराशी उभं राहायचं काम आमच्या मंडळीत 7 वर्षं माझ्याकडे आहे. येईल त्याला सलाम करायचा, गीतपुस्तक द्यायचं, जागा दाखवायची. मी मूळची नगरची. लग्न होऊन जबलपूरला आले, तरी 'जय मसीह की'च्या आधी तोंडात सलामच येतो.

यंदा हंगामाच्या सणाला पहिलं गीत सुरू असताना एक बाई पायरीशी आली. अनवाणी, कडेवर मूल, काखेत फडक्याचं गाठोडं. मी हसून, अगदी मऊ आवाजात म्हटलं, "उधर बैठो, खाना बाद में मिलेगा." ती काही बोलली नाही. मी दाखवलेल्या झाडाखाली जाऊन बसली.

उपासना सुटली तेव्हा ती गेली होती. गाठोडं पायरीवर होतं. आत दीडेक किलो कुटकी, पाखडून निवडलेली. अर्पण घेऊन आली होती ती! माळीदादांनी तिची विचारपूस केली होती, मी केली नव्हती. कुंडमकडची गोंड ख्रिस्ती बाई, नवरा इथल्या दवाखान्यात.

खेकसले असते तर चूक तिथेच कळली असती. गोड बोलले, म्हणून प्रेमाने वागले असंच वाटत राहिलं.

माझी पणजी 1897च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंबरोबर आली. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून रमाबाईंनी त्या मुलींना केडगावच्या माळावर नेलं. तिथेच पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं. ही हकिगत मी रविवारच्या शाळेत दरवर्षी सांगते. आणि त्याच मुलखातली बाई दाराशी आली, तर तिला मी भिकारीण ठरवलं.

दोन आठवड्यांनी डिंडोरीच्या रस्त्याने कुंडमला गेले. हिरण नदी उगम पावते तो हा भाग. 'दवाखान्यातून आलेत त्यांचं घर' असं विचारत पोचले. हातात नवी साडी आणि ब्लँकेट. तिने लोटाभर पाणी दिलं, चूल पेटवली, कुटकीचा भात टाकते म्हणाली. मी घड्याळ पाहिलं. बस चुकेल म्हटलं, ब्लँकेट खाटेवर ठेवलं आणि निघाले. त्या दिवसासारखीच ती काही बोलली नाही.

ही दुसरी चूक मला जास्त लागते. पहिल्या वेळी ती कोण हे ठाऊक नव्हतं, एवढं तरी म्हणता येतं. इथे मी माफी मागायला गेले होते, आणि ती न मागताच दान करून परतले. नव्या करारात पाहुणचाराला 'फिलोक्सेनिया' असा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ परक्यावरची प्रीती. परक्याला वाढायचं, एवढंच मी त्यातून घेतलं होतं. त्याच्या घरी मांडी घालून जेवणं माझ्या हिशेबातच नव्हतं.

तिचं नावसुद्धा मी विचारलेलं नाही. नाताळ झाला की पुन्हा कुंडमला जाणार आहे. बरोबर काही नेणार नाही. आधी माफी मागेन, मग जेवून येईन.