काटा हलला पाहिजे

वजनेमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला समाजात दोनच प्रकारचे लोक भेटतात. पहिले, 'तुमच्या ओळखीमुळे वाणी तुम्हाला काटा मारत नसेल, नाही?' असे विचारणारे. आणि दुसरे, वाणी. मी तीस वर्षांवर लोकांचे काटे तपासले. भाजीवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा मी रस्त्याच्या पलीकडून ओळखत असे. अशा माणसाला म्हातारपणी पेनाएवढ्या एका यंत्राने दीड महिना फसवावे, याला मी दैवगती म्हणतो. सौभाग्यवतीने याच्यासाठी वेगळा शब्द वापरला होता, पण तो छापण्याजोगा नाही.

झाले असे, की आमचा जुना वाडा पाडायला निघाला आणि तळमजल्यावरचे आमचे बिऱ्हाड उचलून सातव्या मजल्यावर आले. वाड्यात हिची दीड खाटेएवढी बाग होती. मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात गवती चहा, पत्र्याच्या डब्यांतून पुदिना आणि पालक. नव्या जागेत गॅलरी होती, पण त्याच वर्षी हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशने झाली. 'वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही,' असा डॉक्टरांचा हुकूम सुटला. तो ऐकून आल्यावर हिने एका दुपारी सगळ्या कुंड्या वॉचमनच्या बायकोला देऊन टाकल्या.

मी विचारले, "करमतं का गं इथं?"

"बरं आहे की," ही म्हणाली.

हे 'बरं आहे' मी माझ्या बदल्यांच्या वेळी ऐकले आहे, मुलगी सासरी गेली त्या रात्री ऐकले आहे आणि गुडघ्यांचे टाके काढल्यावरही ऐकले आहे. आकडा कधी हलला नाही, आणि मी तो दरवेळी खरा धरून चाललो. पण रोज सकाळी सहाला ही पाण्याने भरलेला मग घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहायची. थोड्या वेळाने आत यायची आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतून टाकायची. हे मी चार दिवस पाहिले. पाचव्या दिवशी मी प्लंबरला बोलावले.

मातीविना, नुसत्या पाण्यावर भाजी पिकवता येते हे मी कुठेतरी वाचले होते. या विद्येला हायड्रोपोनिक्स म्हणतात. हे नाव कॅलिफोर्नियातल्या गेरिक नावाच्या प्राध्यापकांनी १९३७ साली रूढ केले. त्यांचे टोमॅटोचे वेल इतके उंच गेले, की फळे तोडायला शिडी लावावी लागे. माझी मागणी त्याहून साधी होती. शिडी नको आणि वाकणेही नको. चार इंची प्लास्टिकचे पाइप बरोबर कमरेच्या उंचीवर बसवून घेतले, त्यांना चोवीस भोके पाडली, माशांच्या टाकीचा छोटा पंप लावला आणि नारळाच्या भुशात पालक-पुदिन्याची रोपे उभी केली. प्लंबर जाताना हिला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी होती. बिघडली ती पाण्याची.

मातीत लावलेल्या झाडाची निम्मी दुखणी माती परस्पर निस्तरते. पाण्यावरच्या झाडाला असा कुणी वडीलधारा नसतो. तुम्ही खत म्हणून जे विरघळवाल ते त्याचे अन्न, आणि ते त्याच्या अंगी लागायचे तर पाण्याचा आंबटपणा मापात हवा. हे माप म्हणजे पीएच. १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी ते काढले, तेही कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. ही माहिती मी घरात सांगितली नाही. चातुर्मास चालू होता.

या मापाचा सगळा कारभार उलटा आहे. आंबटपणा वाढला की आकडा उतरतो. शिवाय ६ आणि ५ यांत फरक एकाचा नव्हे, दहा पटींचा! आमच्या खात्यात असले माप कुणी दुकानात ठेवले असते, तर मी पंचनामा करून काटा जप्त केला असता. पाण्यावरच्या बहुतेक भाज्यांना साडेपाच ते साडेसहा मानवते. त्याच्या बरेच वर गेले, की पाण्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही. ताट वाढलेले, पण हात बांधलेले, अशी अवस्था.

तेव्हा मीटर आणणे भाग होते. तो मी अत्यंत चिकित्सक बुद्धीने निवडला. म्हणजे जो सर्वांत स्वस्त होता आणि दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवत होता, तो घेतला. दोन आकडे दाखवणे वेगळे आणि ते बरोबर असणे वेगळे, हे मी तीस वर्षे व्यापाऱ्यांना समजावत आलो. परंतु डॉक्टर स्वतःच्या नाडीला हात लावत नाही म्हणतात, त्यातला प्रकार. डबीत मीटरबरोबर पावडरीच्या दोन-तीन पुड्या होत्या. बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या असतात त्यांतल्या समजून मी त्या फेकून दिल्या.

मीटरची निगा मात्र मी लहान मुलासारखी राखली. रोज संध्याकाळी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने त्याला आंघोळ घालायची, जुन्या मलमलीच्या धोतराच्या तुकड्याने खसखसून पुसायचे आणि कोरडा ठणठणीत करून डबीत ठेवायचे. रोजचा आकडा वहीत लिहायचा. ६.०२, ५.९८, ५.९५. वही पाहून मला माझाच अभिमान वाटे.

तिसऱ्या आठवड्यात ही म्हणाली, "अहो, पालक पिवळा पडतोय. कोवळी पानं बघा, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्यात."

"शक्य नाही," मी वही दाखवली. "आज ५.९६ आहे."

"ते पालकाला कुठं वाचता येतंय?"

मी दुर्लक्ष केले. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेला माणूस पानांचे ऐकत नाही. सहाव्या आठवड्यात चोवीस रोपांतली अकरा गेली. ही परत मग घेऊन गॅलरीत उभी राहू लागली, आणि मी विचारले तर म्हणाली, "असू द्या. बरं आहे की."

त्या रविवारी खालच्या मजल्यावरचे सर पेपर मागायला आले. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी पाने पाहिली, वही पाहिली आणि सहज विचारले, "पडताळणी केव्हा केली होतीत, साहेब?"

हा प्रश्न मी आयुष्यात किमान हजार दुकानांत विचारला असेन. तो विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मला पाठ आहे. तसा चेहरा आपल्यालाही करता येतो, हे त्या दिवशी कळले.

सरांनी माझ्या मीटरची चौकशी स्वयंपाकघरातच उरकली. लिंबाच्या रसात बुडवला, आकडा ५.९. ताकात बुडवला, ५.९. खायच्या सोड्याच्या पाण्यात, ६.०. माझ्या चहात, पुन्हा ५.९. वास्तविक या यंत्राचा जन्मच लिंबासाठी झालेला! १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला ते बनवले. आमच्याकडच्या वंशजाला लिंबू आणि सोडा यांतला फरक कळत नव्हता. माझ्या हाताखाली एक कारकून असाच होता. गोदाम जळाले तरी 'सर्व ठीक आहे' असाच रिपोर्ट द्यायचा. त्याच्यावरही माझा फार विश्वास होता.

"मेलाय हा," सर म्हणाले. "आणि तुम्ही तो स्वच्छतेनं मारलाय."

मीटरच्या टोकाला काचेचा एक नाजूक फुगा असतो. त्या काचेचा वरचा पातळ थर सतत भिजलेला असेल, तरच तिला पाण्याची चव कळते. कोरडी पडली की तिची जीभ जड होते. आणि भिजत ठेवायची तीही शुद्ध पाण्यात नव्हे. शुद्ध पाणी तिच्यातले क्षार हळूहळू ओढून घेते. तिला पोटॅशियम क्लोराइडचे खारे पाणी लागते. धुवावी, पण पुसू नये. कागदाने नुसती टिपावी. आणि ज्याचा पीएच आधीच ठाऊक आहे अशा पाण्यात बुडवून तिला मधूनमधून खरे काय ते दाखवावे. ते पाणी करायची पावडर त्या पुड्यांत होती. मी फेकलेल्या.

मला माझ्या खात्याची आठवण झाली. दुकानदाराचे वजन आम्ही आमच्या वजनाशी ताडून पाहायचो. पण आमची वजनेही ठरल्या मुदतीला त्यांच्याहून वरच्या वजनांकडे हजर व्हायची, ती त्यांच्याहून वरच्यांकडे, असे करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या किलोग्रॅमपर्यंत. तो पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची ५७ नंबरची प्रत. आणि २०१९ साली खुद्द त्या मुळालाही निवृत्त केले. कोणतेही माप स्वतःची साक्ष स्वतः देत नाही, हे ज्याच्या पगाराचे कारण होते, त्याने एका पेनाचा शब्द दीड महिना वेदवाक्य मानला.

दुसरा मीटर सरांना बरोबर घेऊन आणला. याचे टोक बदलता येते; कारण कितीही जपले तरी ते वर्षा-दोन वर्षांत म्हातारे होतेच. पाण्याच्या उष्णतेचा हिशेब तो आपला आपण करतो. ७ आणि ४ अशा दोन पाण्यांत त्याची पडताळणी होते. दशांशापुढे एकच आकडा आहे, पण तो खरा आहे. त्याने पहिल्याच दिवशी आमचे पाणी ७.६ असल्याचे सांगून घरात सुतक आणले. मग फॉस्फरिक आम्लाचे थेंब टाकायचे, ढवळायचे, थांबायचे, पुन्हा मोजायचे, असे करत ६ वर आलो. पुढच्या पंधरवड्यात नवी पाने हिरवी फुटली.

आता दर दुसऱ्या रविवारी पडताळणी असते. आधी ७, मग ४. वापरलेले पाणी परत बाटलीत ओतायचे नाही, असा हिचा दंडक आहे. लोणच्याच्या बरणीचा नियम तिने इथेही लावला. शेवटी टोपणात खाऱ्या पाण्याचे चार थेंब घालून मीटर बंद करायचा आणि बाटलीवर तारीख लिहायची. तारीख मी लिहितो. शिक्का मारायची हौस तेवढ्यावर भागते.

गेल्या रविवारी ही उभ्या उभ्याच, न वाकता, मूठभर पुदिना खुडून आत आली. चटणी वाटली. पानात वाढली आणि विचारले, "कशी झालीय?"

"छान," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

"बाई गं!" ही म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं झाली. लिंबात बुडवा, ताकात बुडवा, आकडा एकच!"

मी पेपर बाजूला ठेवला. चटणी पुन्हा बोटावर घेतली आणि नीट चाखली.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो. "जरा बरंच कमी आहे."

हिने मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवली. रागावली असेल म्हणून मी चोरून पाहिले, तर ही हसत होती.

"हलला बाई काटा," ती म्हणाली. "आता मला विचारा, इथं करमतं का म्हणून."

मी विचारले.

"नव्हतं करमत," ती म्हणाली. "वर्षभर नव्हतं."