बेटावरची बडीशेप

उन्हाळा तोंडावर आला की कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर, हमरस्त्यांच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, ओसाड उतारांवर पिवळ्या फुलांची उंच झाडं माजलेली दिसतात. माणसाच्या डोक्यावरून जातील अशी. पानं शेपूसारखी, पण त्याहून बारीक, नुसते हिरवे धागे. एखादी डहाळी मोडून बोटांत चुरडली की वास उठतो, आणि परक्या मुलुखातल्या माणसाला काही क्षण आपण कुठे आहोत तेच कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारी कितीतरी मराठी माणसं संध्याकाळच्या फेरफटक्यात या वासापाशी थबकली असतील. ही बडीशेपच आहे, रानात उतरलेली. खायची मात्र घाई करू नये. तिच्याच कुळातलं, जांभळ्या ठिपक्यांच्या देठाचं हेमलॉक त्याच रस्त्यांवर तिच्या शेजारी उगवतं, आणि ते जीवघेणं विषारी असतं. बडीशेपेचा वास हीच तिची ओळख, हेमलॉकला तो नाही.

कूळ मोठं आहे तिचं. जिरं, धणे, ओवा, शेपू, गाजर ही सगळी एका घरची. फुलोरा सगळ्यांचा छत्रीच्या काड्यांसारखा, एका बिंदूतून फाकलेला. आपल्या ओळखीत या कुळाने फक्त भलंच केलं आहे. पोट दुखलं की ओवा, बाळंतिणीला बाळंतशोपा, जेवणानंतर वाटीभर बडीशेप. एवढ्या उपकारी घराण्यातलं कुणी दुसऱ्याच्या घरात शिरून बसलं असेल हे मनाला पटायला वेळ लागतो. मला लागला.

बडीशेप मूळची भूमध्य समुद्राच्या आसपासची. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर ती कॅलिफोर्नियात आली, कुणाच्या तरी परसात लावली गेली आणि परसातून बाहेर पडली. मुख्य भूमीवर तिने पुष्कळ जागा घेतली खरी, पण तिची खरी कथा घडली ती समुद्रातल्या सांताक्रूझ बेटावर.

व्हेंचुराच्या बंदरातून होडीने तासाभरात या बेटाला लागता येतं. कॅलिफोर्नियासमोरच्या चॅनेल बेटांमधलं हे सगळ्यात मोठं: सुमारे 250 चौरस किलोमीटर, मध्ये लांबच लांब दरी, दोन्ही बाजूंना डोंगरांच्या ओळी. इथे हजारो वर्षं चुमाश लोक राहत होते. ते बेटाला लिमूव म्हणत. त्यांची एक कथा आहे. बेटावर माणसं फार झाली, तेव्हा धरणीमाता हुताशने मुख्य भूमीपर्यंत इंद्रधनुष्याचा पूल टाकला. ज्यांनी चालताना खाली पाहिलं त्यांना घेरी आली, ती समुद्रात पडली, आणि बुडू नयेत म्हणून तिने त्यांचे डॉल्फिन केले. आजही होडीबरोबर डॉल्फिन पळू लागले की ही कथा आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुमाशांना बेट सोडून किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या मिशनमध्ये जावं लागलं, आणि त्याच शतकाच्या मध्यापासून बेटावर मेंढ्या, गुरं, डुकरं आली. जुस्तिनियाँ केर या फ्रेंच व्यापाऱ्याच्या कुटुंबाने इथे द्राक्षांचे मळे लावले, वाइन काढली. बडीशेपही याच वहिवाटीत कधीतरी आली.

बेटाची माती अशा पाहुण्यांसाठी घडलेली नव्हती. हजारो वर्षं इथे चरणारा कळप नव्हता, उकरणारं डुक्कर नव्हतं. त्यामुळे इथल्या झाडांना काटे धरायची किंवा पानं कडू करायची फारशी गरजच पडली नव्हती. मेंढ्यांनी डोंगर बोडके केले. ओकची रोपं जमिनीतून वर डोकावताच खाल्ली जायची. बडीशेप या काळातही होती, पण दबून. गुरं तिची कोवळी पालवी खात आणि ती बेताने राही.

मग भलं करायचं म्हणून माणसं आली. बेटाचा मोठा भाग नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आला, बाकीचा पूर्वेकडचा भाग पुढे राष्ट्रीय उद्यानाकडे. 1980च्या दशकात संस्थेने आपल्या भागातल्या 37,000हून अधिक मेंढ्या संपवल्या. दशक सरता सरता गुरंही हलवली. 1991च्या सुमारास दीर्घ दुष्काळ संपला, पाऊस पडला, आणि खाणारं तोंड उरलं नसल्याने बडीशेप उसळली. दरीत, जुन्या शेतांत, रस्त्याकडेला तिची दाट रानं झाली. ज्या जमिनीवर बेटाचं मूळ गवत, झुडपं परत यावीत म्हणून गुरं काढली, ती जमीन तिने आधी गाठली.

ती का जिंकते हे तिच्या मुळाशी बसून पाहिलं तर कळतं. मूळ मुसळासारखं जाड आणि खोल, वरचं खोड वाळलं तरी पुढच्या पावसाळ्यात तिथूनच नवे कोंब. एका झाडाला हजारो दाणे, आणि दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गाडीच्या चाकाला, बुटाच्या तळव्याला, डुकराच्या अंगाला चिकटून ते पुढे जातात. उकरलेली, तुडवलेली माती तर तिला फारच मानवते. आणि बेटावर उकरणारे होतेच.

इथून पुढची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि दर वेळी सांगताना तिच्यातली प्रत्येक कडी पुन्हा हाताळून पाहावीशी वाटते. रानडुकरांना बडीशेपेच्या दाट रानात लपायला जागा मिळाली. ती माती उकरत, उकरलेल्या मातीत आणखी बडीशेप येई. डुकरं वर्षभर वितात, म्हणजे बेटावर पिल्लांचा तुटवडा कधीच नसे. या पिल्लांचा सुगावा मुख्य भूमीवरच्या सोनेरी गरुडांना लागला. पूर्वी ते इथे घरटी करत नसत, कारण बेटावर पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचं राज्य होतं. हे मासे खाणारे गरुड आपल्या हद्दीत दुसऱ्याला टिकू देत नाहीत. पण विसाव्या शतकाच्या मध्याला ते चॅनेल बेटांवरून नाहीसे झाले होते. लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रात सोडलेलं डीडीटी हे कीटकनाशक माशांतून त्यांच्या अंगात गेलं, अंड्यांची कवचं पातळ झाली, आई उबवायला बसली की अंडी फुटत. गादी रिकामी होती. 1990च्या दशकात सोनेरी गरुड येऊन तिच्यावर बसले.

आणि त्यांनी डुकरांबरोबर कोल्हे खायला सुरुवात केली. या बेटांवरचा कोल्हा जगात दुसरीकडे कुठेही नाही. आकाराने घरातल्या मांजराएवढा, वजन दोनेक किलो. त्याला खाणारं कुणी नसल्याने तो दिवसाउजेडी मोकळ्यावर हिंडायचा, आणि आकाशाकडे बघायची सवय त्याच्या रक्तातच नव्हती. 1994च्या सुमारास सांताक्रूझवर दीड हजारांच्या आसपास कोल्हे होते. दशक संपेपर्यंत शंभरही उरले नाहीत. जीवशास्त्रज्ञ गॅरी रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडली तेव्हा दिसलं की कोल्हे कितीही कमी झाले तरी गरुड उपाशी मरत नव्हते, कारण डुकरांची पिल्लं त्यांना पोसतच होती.

या सगळ्याचा दोष बडीशेपेच्या माथी मारता येणार नाही. डुकरं तिच्या आधीही होती, डीडीटी तर तिच्या गावीही नव्हतं. पण लपायला जागा देणारा, वाट मोकळी करून देणारा एक सुगंधी पडदा तिथे उभा होता, आणि तो कुणाला खुपत नव्हता. मला या कथेत सगळ्यात जास्त तेच बोचतं. गाजरगवत दिसलं की आपण लगेच नाक मुरडतो. त्याने अंगाला खाज सुटते, त्याच्या परागांनी शिंका येतात, त्याला शत्रू म्हणणं सोपं जातं. सह्याद्रीच्या उतारांवर घाणेरी आणि रानमोडी पसरल्या आहेत, त्यांनाही कुणी प्रेमाने जवळ करत नाही. पण घमघमणारी, पोटाला बरी, फुलपाखरांना बोलावणारी वनस्पती पसरू लागली तर आपली नजर तिच्यावरून प्रेमाने फिरते आणि पुढे जाते. सुवासामुळे आपण तिच्याबद्दल संशय घेणंच विसरतो.

कोल्ह्यांना वाचवायचं तर साखळीची प्रत्येक कडी उलट्या दिशेने सोडवावी लागली. सोनेरी गरुड जिवंत पकडून दूर मुख्य भूमीवर सोडले, चाळीसहून अधिक. उरलेल्या कोल्ह्यांमधले काही पिंजऱ्यात आणून त्यांची वीण वाढवली. 2002पासून पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची पिल्लं बेटावर आणून सोडली, आणि 2006मध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर तिथे त्यांच्या घरट्यात पहिलं पिल्लू बाहेर आलं. 2005 आणि 2006मध्ये बेट कुंपणांनी विभागून 5,000हून अधिक डुकरं मारली गेली. याला विरोध झाला, माणसं कोर्टात गेली, आणि त्या माणसांचं मन मला समजतं. डुक्कर काही स्वतः होडीत बसून बेटावर आलं नव्हतं. तरीही माझं मत आहे की ते करायलाच हवं होतं. एका बाजूला डुकरं, जी जगभर आहेत. दुसऱ्या बाजूला हा कोल्हा, जो फक्त इथे आहे आणि इथून गेला की कायमचा गेला. 2004मध्ये कायद्याने संकटग्रस्त ठरवलेला हा कोल्हा 2016च्या ऑगस्टमध्ये त्या यादीतून बाहेर आला. सस्तन प्राण्यांपैकी इतक्या थोड्या काळात परत उभा राहिलेला अमेरिकेत दुसरा नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. आता हे कोल्हे पर्यटकांच्या पिशव्यांची चेन उघडून खाणं पळवतात. त्यांच्या त्या धीटपणाचा मला मनापासून आनंद होतो.

बडीशेपेशी मात्र लढा असा निकाली निघाला नाही. तणनाशकाचे प्रयोग झाले, रानं जाळून पाहिली. बडीशेप मेली, पण तिच्या जागी बेटाची मूळ फुलं आली नाहीत. आलं ते युरोपातूनच आलेलं दुसरं गवत. खालच्या मातीत मूळ बियांची शिदोरीच फारशी उरलेली नव्हती. नुसतं उपटलं की रिकामी जागा उरते, आणि रिकामी जागा जो आधी पोहोचेल त्याची होते.

तिकडे मुख्य भूमीवर आणखी एक गुंता आहे. काळ्यापिवळ्या पंखांचं एक मोठं फुलपाखरू, अ‍ॅनिस स्वॅलोटेल, मूळचं इथलं. त्याच्या अळ्या स्थानिक वनस्पतींवर जगत. शहरं वाढली, त्या वनस्पती विरळ झाल्या, आणि फुलपाखराने परक्या बडीशेपेवर अंडी घालायला सुरुवात केली. किनाऱ्यावरच्या शहरांमध्ये आज त्याचा बराचसा संसार तिच्यावर चालतो. तिथे तिच्यावर हिरव्या, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर मी तिला उपटू नये असंच म्हणेन. बेटावर हेच झाड दिसलं तर मुळापासून काढावं असं म्हणेन. दोन्ही म्हणताना मला अडखळायला होत नाही, कारण दोन्हीकडे विचार तिथल्या शेजाऱ्यांचा आहे.

बेटावर जाणाऱ्यांना उद्यानाचे लोक सांगतात, बूट आणि पिशव्या झटकून, माती आणि बिया काढूनच या. मराठी घरातली पिशवी असेल तर त्यात जेवणानंतरची बडीशेप असणारच. खरपूस भाजलेली असली तर चिंता नाही, तिच्यात जीव उरत नाही. कच्ची, हिरवी लखनवी मात्र घरीच ठेवावी.

सांताक्रूझवर एक निळा पक्षी आहे, आयलंड स्क्रब जे. तोही जगात फक्त इथेच आहे, मुख्य भूमीवरच्या त्याच्या भाऊबंदांपेक्षा मोठा आणि जास्त निळा. हिवाळ्याच्या बेगमीसाठी तो ओकची फळं, अ‍ॅकॉर्न, जमिनीत पुरतो, एका मोसमात हजारो. सगळी उकरून खात नाही. उरलेल्यांना कोंब फुटतात. मेंढ्या आणि डुकरं होती तोवर हे कोंब वाढत नसत. आता वाढतात, आणि बोडक्या उतारांवर ओक आणि झुडपं पुन्हा पसरू लागली आहेत. पक्ष्याला माणसासारखी योजना आखता येत नाही. पण रिकाम्या जागेत मूळचं झाड लावण्याचं जे काम तणनाशकाने झालं नाही, ते तो दर शरद ऋतूत करतो आहे. बडीशेपेला आता त्या ओकच्या रोपांशी जागेसाठी झगडावं लागेल, आणि तिच्यावर इतकी माया असूनही, या झगड्यात ती हरावी असं मला मनापासून वाटतं.