हाताविण उमटलेली अक्षरे

व्यासांनी भारत सांगावे व गणपतीने ते लिहून घ्यावे असा करार झाला, तेव्हा उभय पक्षांनी एकेक अट घातली होती, हे देवळात पुराण ऐकलेल्या कोणासही ठाऊक आहे. सांगणाऱ्याने मध्ये थांबू नये, ही लेखकाची अट. अर्थ समजल्यावाचून एकही अक्षर लिहू नये, ही सांगणाऱ्याची. या दोहोंत आम्हां वकिलांना दुसरी अट अधिक मोलाची वाटते. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो ते समजलेले असते, या गृहीतावरच आमचे सारे दस्तऐवज उभे आहेत. गेल्या आषाढात अंत्रुज महालातील एका देवस्थानाच्या कचेरीत आम्ही असा लेखक पाहिला, की ज्याला अर्थही कळत नव्हता आणि जो थांबतही नव्हता.

प्रकरण तसे क्षुल्लक, पण एका तरुण कारकुनाची अब्रू त्यात अडकली होती. १९३३ च्या देवस्थान नियमनानुसार गोव्यातील देवळांचा कारभार महाजनांनी निवडलेल्या समितीकडे असतो व तालुक्याचा मामलेदार हा त्यावरील प्रशासक असतो. निवडणूक जवळ आली, की महाजनांच्या यादीला जे महत्त्व चढते ते आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. ही यादी कारकुनाने संगणकावर उतरविली, छापली आणि सभामंडपातील फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यात अकरा ठिकाणी भलतीच अक्षरे निघाली. एका कामतांचे ‘गकामत’ झाले होते. अठरावा अनुक्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी झाला होता. कोठे ‘ककक’ अशी रांग, तर कोठे कारण नसता स्वल्पविराम. अकरांपैकी सात नावे एकाच घराण्याची. झाले! त्या घराण्याने लेखी तक्रार दिली, की आमची नावे हरकतीत काढून टाकता यावीत म्हणून कारकुनाने ती हेतुपुरस्सर बिघडविली. कारकून बिचारा एवढेच म्हणे, “मी ते लिहिलेच नाही. आपोआप उमटते.” आता असा बचाव कोणत्या न्यायासनापुढे टिकावा?

समितीने आम्हांस बोलाविले ते कायद्याचा सल्ला विचारण्यासाठी. तेथे जमलेल्यांपैकी एका वयोवृद्ध महाजनांचे मत निराळे होते. “वकीलबाब, पयलीं देवाक कौल घेवया,” असे ते म्हणाले. कौलाविषयी आमच्या मनात अनादर नाही. पण देवाला विचारण्यापूर्वी यंत्राला विचारून पाहावे, एवढीच आमची विनंती त्यांनी मान्य केली.

आम्ही संगणकावर कोरे पान उघडविले आणि सर्वांना हात मागे बांधून उभे राहावयास सांगितले. बाहेर पाऊस कोसळत होता. तीन-चार मिनिटे काहीच घडले नाही. मग पडद्यावर एक ‘ग’ उमटला. पाठोपाठ ‘क’ आला आणि तो येतच राहिला. दोन ओळी ‘क’काराने भरून गेल्या. तक्रारदार गृहस्थही दोन पावले मागे सरले, हे आम्ही नमूद करून ठेवतो.

कोणी दुरून जाळ्यातून संगणक चालवीत असेल, अशी शंका मुखत्यारांनी काढली. शंका रास्त होती. असे प्रकार घडतात. म्हणून इंटरनेटची तार काढली, अक्षरे चालूच. मग कळफलकाची तार उपसली. अक्षरे तत्क्षणी थांबली. तोच कळफलक समितीच्या एका सभासदाच्या संगणकाला जोडला, तर तेथेही थोड्या वेळाने ‘क’ येऊ लागला. उलट, देवस्थानाच्या संगणकाला दुसरा कळफलक जोडून तासभर वाट पाहिली, तो मुका राहिला. साक्षीदाराची उलटतपासणी याहून वेगळी नसते: एकेक आधार काढून घ्यावा आणि गोष्ट कशावर उभी राहते ते पाहावे.

पण आमच्या मते निर्णायक पुरावा त्या यादीतच होता. अकराही ठिकाणची आगंतुक अक्षरे चारच होती: ८, ग, क आणि स्वल्पविराम. सरकारमान्य मराठी कळरचनेत ही चारही एकाखाली एक अशा तिरप्या रांगेत येतात. कळफलकाच्या पोटात प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर विद्युद्वाहक रेघा छापलेल्या, मधल्याला भोके. कळ दाबली की भोकातून दोन रेघा एकमेकींस टेकतात. आतील चिप या रेघा सेकंदाला शेकडो वेळा तपासून कोठे स्पर्श झाला तो संगणकास कळविते, आणि अशा एका तिरप्या रांगेतील कळा बहुधा एकाच रेघेवर असतात. द्वेषाने लिहिणारा मनुष्य हवे ते अक्षर निवडतो. एकाच रांगेबाहेर न जाण्याचे बंधन त्याने स्वतःवर का घालून घ्यावे?

स्क्रू काढून पापुद्रे सुटे केले, तेव्हा नेमक्या त्या जागी मधाच्या रंगाचा एक चिकट डाग सापडला. साखरेचा असा ओघळ उन्हाळ्यात सुकून निरुपद्रवी पडून राहतो. आषाढाची दमट हवा लागली, की ओल शोषून वीज वाहू लागतो. चिपला बोट आणि ओल यांतील भेद कळत नाही. कारकून पावत्या फाडण्यासाठी खिडकीशी उठून जाई, यादी उघडीच राही, आणि ज्या नावाशी तो थांबलेला असे त्या नावात अक्षरे घुसत. एका घराण्याची नावे यादीत सलग असतात, म्हणून सात घाव एकाच घरावर पडले. डाग पंचामृताचा असल्याचे वृद्ध महाजनांनी ठामपणे सांगितले. मुखत्यार तो चहाचा म्हणत. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

ज्यांच्या घरी असे घडेल त्यांनी, काही सांडल्यास, प्रथम तार काढावी, कळफलक पालथा घालावा व दोन दिवस वाळवावा. बिनतारी असेल तर त्याची बॅटरी काढावी. मांडीवरच्या संगणकात मात्र कधी कधी आतील बॅटरी फुगून कळांना खालून रेटते. तेव्हा दुरुस्तीचा मोह सोडून तो ताबडतोब बंद करावा, कारण त्यात आगीचे भय आहे.

कायद्याचा प्रश्न उरतोच. टंकलेखित पत्र अमुक यंत्रावरचे असल्याचे तज्ज्ञाचे मत ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हनुमंत खटल्यात म्हटले होते; १९९६ साली त्याच न्यायालयाने ते मत सोडून दिले. पण यंत्र ओळखता आले तरी बोट ओळखता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये संगणकावरील लेख पुराव्यात द्यावयाचा, तर त्या काळात संगणक नीट चालत होता, किंवा बिघाडाचा त्या लेखावर परिणाम झाला नाही, अशा आशयाचे प्रमाणपत्र लागते. समितीतील काहींना वाटत होते, की कारकुनाने तसे लिहून द्यावे आणि प्रकरण मिटवावे. आम्ही त्यास साफ विरोध केला. निरपराध मनुष्याने खोट्या सहीने सुटका करून घेण्यात कसले शहाणपण? बिघाड झाला होता आणि त्याने यादी बिघडली होती. तेच तसेच लिहावे, यादी मागे घ्यावी आणि जुन्या हस्तलिखित नोंदवहीवरून ती पुन्हा करावी, असे ठरले.

नवी यादी सभामंडपात मोठ्याने वाचण्यात आली. एका पक्षाचा माणूस वाची, दुसऱ्याचा नोंदवहीवर बोट ठेवी. त्यास सबंध दुपार लागली. तक्रार मागे घेतली गेली, जरी तक्रारदारांचे धाकटे बंधू कारकुनाकडून अद्याप पावती घेत नाहीत. वृद्ध महाजनांनी शेवटी कौल घेतलाच, आणि तो उजवा आला. तो जुना कळफलक उभय पक्षांच्या सह्यांनिशी कापडात बांधून, मोहोर लावून, चांदीच्या उपकरण्यांच्या कपाटात ठेवविला आहे. निवडणूक पार पडेपर्यंत तो तेथून हलवू नये, असा ठराव इतिवृत्तात नोंदला आहे.