कासा आणि तलवाड्याची वाट

डहाणू रोडच्या स्टेशनावरून जव्हारकडे निघालेली मोटार चारोटीस अहमदाबादचा हमरस्ता ओलांडते आणि थोड्याच वेळात कासा लागते. समुद्राकाठच्या चिकूच्या वाड्या मागे पडलेल्या असतात. समोर सूर्या नदीचे खोरे आणि बाजारास उतरलेली वारली मंडळी. जवळच्या महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेमुळे हा प्रदेश आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. परंतु यात्रेकरूची वाट निराळी आणि दीनांच्या मदतीस जाणाऱ्याची वाट निराळी. ही दुसरी वाट पाहावी म्हणून आम्ही कासा ओलांडून तलवाड्यास गेलो.

१९४५ पर्यंत येथला वारली जमीनदाराच्या शेतावर वेठीस राबे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही बांधली जात. अशास ‘लग्नगडी’ म्हणत. सरकारास हे ठाऊक नव्हते असे नाही. सायमिंग्टन साहेबांचा अहवाल १९३९ सालीच छापून निघाला होता! पुढे २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे सुमारे ५००० वारली जमले व वेठ न करण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यांच्या झोपड्यांतून राहून त्यांस धीर देणाऱ्या गोदावरीबाई परुळेकर या पुण्याच्या गोखल्यांच्या घरच्या, कायद्याच्या पदवीधर. आपल्यासारख्याच घरातली एक लेक उंबरठा ओलांडून इतक्या दूर आली होती.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास हजारो वारली लोटले. गोदावरीबाईंच्या जिवास धोका आहे, अशी आवई जमीनदारांच्या माणसांनी उठविली होती, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व आणखी चौघे ठार झाले. त्यानंतर सरकारने परुळेकर पतिपत्नींस जिल्ह्याबाहेर घालविले. जी बाई समोर उभी राहताच आवई खोटी ठरली असती, तिलाच येथे येण्याची बंदी झाली.

त्याच सुमारास, १९४३ ते १९४८ पर्यंत, कोल्हापुरानजीक वळिवड्यास पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे ५००० आश्रितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका व मुले. त्यांची विचारपूस करण्यास पोलंडच्या रेड क्रॉसची माणसे होती, शाळा होती, पाद्री होते. परदेशच्या निराश्रितांस हे लाभले याचा आम्हांस आनंदच वाटतो. पण स्वतःच्या गावी राहणाऱ्या वारल्यास ते लाभू नये, हे मनास लागते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये नियम केला की, आश्रितांच्या निवासकेंद्रांत आप्त, वकील व मदतसंस्था यांस प्रवेश द्यावा आणि त्यास मर्यादा घालावी ती केवळ सुरक्षिततेसाठी. शब्द चांगला आहे. मात्र सुरक्षितता कोणाची, हे दारावरचा पहारेकरीच ठरवितो.

बाळासाहेब खेरांसारख्या सत्पुरुषाचेही तसेच झाले. १९४० मध्ये त्यांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. या लोकांविषयी त्यांचा कळवळा खरा होता. परंतु ते मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान असताना, १९४६ च्या अखेरीस, परुळेकरांस पुन्हा हद्दपारी झाली. शांतताभंगाचे भय सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. तथापि ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यात नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला व पाच माणसे मेली. पुढाऱ्यांस दूर ठेवून शांतता राखली गेली, असे कसे म्हणावे?

अलीकडे कासा हे नाव देशभर गेले ते निराळ्याच कारणाने. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, या ठाण्याच्या हद्दीतील गडचिंचले येथे चोर शिरल्याच्या आवईवरून जमावाने दोन साधू व त्यांचा मोटारचालक यांस ठार मारले. तो घोर अपराध आणि तलवाड्याचा प्रसंग एका मापाने मोजता येणार नाहीत. तरी जेथे बाहेरचे माणूस ओळखीचे राहात नाही, तेथे आवई किती लवकर खरी मानली जाते, ते या एकाच खोऱ्याने दोनदा पाहिले.

दर वर्षी १० ऑक्टोबरला या भागात लाल बावटा घेऊन माणसे हुतात्म्यांच्या स्मरणार्थ जमतात. परतीच्या मोटारीत शेजारी बसलेल्या वारली आजीबाईंस आम्ही गोदावरीबाईंचे नाव विचारले. त्यांनी मान हलविली आणि टोपलीतली काकडी मुलांच्या हाती ठेवली.