शून्य सापडला!

नऊ चालत होता आणि शून्य चालत नव्हता. भानगड एवढीच. पण या एवढ्याशा भानगडीने माझे अकरा दिवस खाल्ले, आणि परवा रात्री साडेनऊला ती सुटली तेव्हा मी खुर्चीतून उठून चक्क टाळी वाजवली. ऑफिसात कोणी नव्हतं. सिक्युरिटीवाला तेवढा आत डोकावला आणि काही न बोलता परत गेला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आमच्या उरण तालुक्यात जासई ते दास्तान फाटा, जिकडे बघाल तिकडे कंटेनरची यार्डं. त्यातल्याच एकात मी एक्सेल उघडून दिवसभर बसलेला असतो. कंटेनर नंबर, साइझ, सील नंबर, वजन, गेट-इन, गेट-आउट. शीट इतकी रुंद की पडद्यावर मावत नाही. मग नको ते कॉलम लपवायचे: कंट्रोल आणि शून्य. परत काढायचे: कंट्रोल, शिफ्ट आणि शून्य. आडव्या ओळींसाठी हेच, फक्त शून्याच्या जागी नऊ. पंधरा वर्षं हे बोटं करतायत, मला विचारतसुद्धा नाहीत.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि यथावकाश आमच्या मशिनवर ११ आलं. मशीन हातात आल्याबरोबर मी माझं एक खाजगी काम उरकून घेतलं: मराठी की-बोर्ड टाकला. एक नाही, दोन. इनस्क्रिप्ट माझ्या सवयीचा. आणि फोनेटिक, कारण आमची लेक म्हणाली, ‘‘बाबा, तो सोपा पडतो.’’ गावातल्या मंडळासाठी जानेवारीतल्या हुतात्मा दिनाचं पत्रक टाइप करायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंट्रोल, शिफ्ट, शून्य दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं (जोरात दाबल्याने काही होतं यावर आपला सगळ्यांचाच विश्वास असतो). कॉलम ढिम्म. नऊ दाबलं, ओळी टणाटण बाहेर!

‘‘अपडेटने वाट लावली,’’ मी जाहीर केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य कुठल्याही ऑफिसात विनाचर्चा मंजूर होतं. मग अकरा दिवस माउसने: शेजारचे दोन कॉलम पकडा, उजवं क्लिक, अनहाइड. दिवसातून चाळीस वेळा.

उलगडा झाला तो भलत्याच ठिकाणी. परवा ऑफिस सुटल्यावर पत्रकाला बसलो. इनस्क्रिप्टमध्ये ‘जासई’ म्हणजे पी, ई, एम आणि शिफ्ट धरून आर. चार ठोके. मी न बघता मारले आणि पडद्यावर उमटलं ‘पेम’ आणि पुढे काहीतरी. पेम? इनस्क्रिप्टचा फोनेटिक कधी झाला? मी तर काही बदललं नव्हतं. फक्त मध्येच एकदा बोटं चुकून कंट्रोल-शिफ्टवर टेकली होती...

कंट्रोल-शिफ्ट!

अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. म्हणजे कंट्रोल आणि शिफ्ट ही जोडी आधीच कुणाच्या तरी नोकरीत होती! एका की-बोर्डवरून दुसऱ्यावर उडी मारायच्या नोकरीत. आणि त्या जोडीबरोबर शून्यही तिकडेच गेलेला; नऊ मात्र कसा कोण जाणे सुटलेला.

आता हे मला ज्या पद्धतीने कळलं त्याच पद्धतीने सांगतो, कारण आमच्याकडे दुसरी भाषाच नाही. बटण दाबलं की ते सरळ एक्सेलकडे जात नाही. ट्रेलर यार्डात येतो तसं ते येतं. आधी बाहेरचं गेट, म्हणजे विंडोज. तिथे कागद बघतात. ‘हा माल आमचा’ असं बाहेरच्या गेटनेच म्हटलं तर गाडी तिथेच रिकामी होते; आत यार्डात बसलेल्या एक्सेलला ती आली होती हेसुद्धा कळत नाही. म्हणून चूक झाल्याचा आवाज नाही, निरोप नाही, काही नाही. एक्सेल बिघडलेलं नव्हतं. त्याच्यापर्यंत शून्य पोचतच नव्हता!

आणि हे सगळीकडे असंच आहे! एखाद्या प्रोग्रॅमला कुठल्याही खिडकीतून चालणारा शॉर्टकट हवा असेल तर तो विंडोजकडे नोंदवावा लागतो. जो आधी नोंदवेल त्याचा. मागून येणाऱ्याची नोंदणी होतच नाही. प्रोग्रॅम सुरू होण्याचा क्रम बदलला की काल ज्याचं बटण होतं ते आज दुसऱ्याचं. मॅकवाल्यांचंही २००५ मध्ये हेच झालं होतं. कमांड-स्पेस हा भाषा बदलायचा शॉर्टकट, टायगर नावाची आवृत्ती आली आणि त्याच जोडीवर स्पॉटलाइटचा शोध येऊन बसला. दोन भाषांत लिहिणाऱ्यांच्याच वाट्याला हे का येतं ते आता मला कळतं: आपल्याला एक जोडी जास्तीची लागते, आणि मोकळ्या जोड्या संपत आलेल्या असतात.

(विंडोजमध्ये एक गाडी अशी आहे की जी कुठलाही प्रोग्रॅम वाटेत अडवू शकत नाही: कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडलींनी ती पहिल्या पीसीसाठी मुद्दाम अशी लांब ठेवली की चुकून दाबली जाऊ नये. मी परवापासून तिच्याकडे आदराने बघतो.)

मग शोधलं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड की-बोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे खाली बारीक अक्षरांत इनपुट लँग्वेज हॉट कीज. दाबलं की एक जुनाट खिडकी उघडते. बाकी सगळं चकाचक गोल कोपऱ्यांचं आणि ही मात्र करडी, माझ्या पहिल्या नोकरीतल्या मशिनवर होती तशी. मला तर जुना शेजारी भेटल्यासारखं झालं. ‘चेंज की सिक्वेन्स’ दाबलं. दोन रांगा: डावीकडे भाषा बदलायची जोडी, उजवीकडे की-बोर्ड बदलायची. उजवीकडे कंट्रोल-शिफ्ट बसलेलं होतं, निवांत. त्याला उठवलं, ‘नॉट असाइन्ड’वर ठिपका दिला, साइन आउट, साइन इन. शीट उघडली. कंट्रोल, शिफ्ट, शून्य.

सील नंबरचा कॉलम आला! टाळी तेव्हाची.

म्हणजे अपडेट बिचारं निर्दोष. दोन की-बोर्ड मी टाकले, भांडण मी लावलं, आणि अकरा दिवस ओरडलो दुसऱ्याच्या नावाने. तरी मला जराही वाईट वाटत नव्हतं, इतका मी खूश होतो. साडेदहापर्यंत बसलो. त्याच पानावर एक चौकोन सापडला, तो टिचकवला की प्रत्येक खिडकी आपापला की-बोर्ड लक्षात ठेवते! एक्सेलमध्ये इंग्रजी, वर्डमध्ये मराठी, आता मध्ये बोट लावायला नको. नाहीतर इंग्रजीत ‘कट’ लिहायला जावं आणि सेलमध्ये ‘महू’ उमटावं, हे रोजचं. उजवा ऑल्ट धरून चार दाबलं तर ₹! आणि फोनेटिक मी काढूनच टाकला. ‘शेतकऱ्यांच्या’ लिहायला मला शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, असंच बरं वाटतं. तो ‘ऱ्य’ बोटांना माहीत आहे. १९८४ च्या शेतकरी आंदोलनातल्या गोळीबारात पाच जण गेले त्यांचं पत्रक, त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांच्या गावात वाटायचं, त्यात तो अर्धा र चुकलेला मला चालणार नव्हता.

सकाळी टेबलाशेजारच्या मुलीला दाखवलं. ‘‘काका, खरंच?’’ म्हणत तिने स्वतःच्या मशिनवर तेच केलं, यार्डाची सामाईक शीट उघडली, कंट्रोल-ए मारून सगळं निवडलं आणि तिन्ही बटणं एकदम दाबली. कोणी कोणी, कधी कधी लपवलेले कॉलम धडाधड उघडले. अगदी टोकाला, वजनाच्याही पलीकडे, एक निघाला: ‘चहा – उधारी’. सगळ्यात वरचं नाव माझं होतं.