होयबा सर्व्हर

एपीआय लिहायला घेण्याआधी तो खोटाच चालवून दाखवावा, या मताचा मी आहे. त्यासाठी माझं लाडकं हत्यार जेसन-सर्व्हर. टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप करायची, जेसनची एक साधी फाइल दाखवायची, की ३००० पोर्टवर सर्व्हर हजर. फाइलीत बुकिंगची यादी असेल तर तिच्या नावाचा पत्ता आपोआप तयार होतो. गेट केलं की यादी येते, पोस्ट केलं की नवी नोंद थेट फाइलीत जाऊन बसते. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. एकदा इन्स्टॉल केलं की इंटरनेटसुद्धा लागत नाही, सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये बसायला मिळालं (मिळालं तर!), तर ठाण्यापर्यंत सांगाडा उभा राहतो.

पण हा सर्व्हर पक्का होयबा. बदलापूरच्या कात्रप भागातल्या एका सोसायटीसाठी गच्चीच्या बुकिंगचा नमुना केला होता. इकडे गच्ची म्हणजे बारसं, साखरपुडा, हळद, सगळंच. सेक्रेटरी काकांनी फोन हातात घेतला आणि एकाच रविवारची संध्याकाळ आधी बारशाला दिली, मग साखरपुड्याला. दोन्ही वेळा उत्तर २०१, म्हणजे नोंद झाली. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, हा तर सगळ्यांनाच हो म्हणतोय. मेंटेनन्स थकवलेल्यांनाही देणार का?"

मग नियमांची रांगच लागली. थकबाकीदाराला गच्ची नाही. रात्री दहानंतर स्पीकर नाही. भाडेकरूला हवी असेल तर मालकाची चिठ्ठी. आधीच्या बैठकीत हेच विचारलं होतं तेव्हा "नियम काय, साधेच आहेत" एवढ्यावर भागलं होतं.

तेव्हापासून मी खोट्या सर्व्हरलाही नाही म्हणायला शिकवतो. जेसन-सर्व्हरच्या ०.१७ आवृत्तीत मिडलवेअरच्या चार ओळी जोडल्या की तारीख आधीच बुक झालेली असेल तर ४०९, थकबाकी असेल तर ४०३. शिवाय तिच्यात उत्तर मुद्दाम उशिरा देण्याची सोय आहे. पुढच्या आवृत्तीने ती काढून टाकली आणि ब्राउझरमध्येच नेटवर्क मंद करा म्हणून सांगितलं. मी आपला जुन्यालाच धरून बसलोय. दोन हजार मिलिसेकंद उशीर लावला की धीर सुटून बटण दोनदा दाबणारे लगेच सापडतात. पहिले सापडले ते काकाच. दुसऱ्या दाबाला ४०९ आला तेव्हा खूश झाले.

"आता जमलं. पण चेअरमनसाहेबांनी मागितली तर?"

त्याचा कोड अजून ठरायचा आहे.