काटा मेला की कळायला हवं

संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर नानांच्या बुलेटचा मीटर उघडा पडला होता. "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सोपं लिहा. आमच्या वाचकांना नट-बोल्ट झेपत नाहीत," असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की माझ्या कामातून नट-बोल्ट काढले तर मागे धूळ उरते, आणि अलिबागेत तीही खारी.

मी जुन्या मोटारसायकलींचे मीटर दुरुस्त करतो. त्याआधी तेवीस वर्षं थळच्या खत कारखान्यात होतो, इन्स्ट्रुमेंटेशनला. दाब, तापमान, प्रवाह दाखवणारी उपकरणं सांभाळायची. लोकांना हे दोन वेगळे धंदे वाटतात. मला कधी वाटले नाहीत. दोन्हीकडे कुणीतरी एका काट्याकडे बघून पुढचं ठरवत असतं.

नाना चौलचे. त्यांनी मला आठवीत गणित शिकवलं. त्यांची बुलेट १९६१ची, त्यांनी ती १९७१ साली जुनी घेतली. बुलेटची जुळणी मद्रासला १९५५पासून सुरू झाली, पण पहिली काही वर्षं सुटे भाग इंग्लंडमधल्या रेडिचहून यायचे. नानांच्या गाडीवर मैलांचा स्मिथ्स मीटर आहे. डायलवर खाली बारीक अक्षरात १६०० छापलंय. बघणाऱ्याला तो मॉडेल नंबर वाटतो. त्याचा अर्थ, एक मैल जाताना केबल सोळाशे वेळा फिरली पाहिजे. मीटरची पत्रिका म्हणजे हा आकडा. तो न बघता दुसऱ्या गाडीचा मीटर आणून बसवणारे महाभाग मी रोज बघतो.

नानांचा मुलगा मुंबईत असतो. रो-रोने मांडव्याला उतरून दर पंधरा दिवसांनी घरी येतो आणि वडिलांची बुलेट काढतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, "काका, बाहेरून आहे तस्सा ठेवा, आतून इलेक्ट्रॉनिक करून द्या. दर पावसाळ्यानंतर हेच रडगाणं." महिन्यातून एक तरी गिऱ्हाईक आता हेच मागतं. आणि रडगाणं खोटं नाही. समुद्रापासून अर्ध्या मैलाच्या आत केबल आपल्या वेष्टनातच गंजून फुगते. अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीवर पांढरी भुकटी धरते. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलेल्या मीटरांपैकी काहींतून मी अक्षरशः वाळू झटकली.

आता ही वाटी काय, ते सांगायलाच हवं, संपादकांनी माफ करावं. चाकापासून आलेली केबल मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी असते, न चिकटलेली. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या मागे ओढू लागतात. वाटीला केसासारखी स्प्रिंग असते, ती तिला मागे खेचते. ओढ आणि खेच जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. १९०२ साली स्ट्रासबुर्गच्या ओट्टो शुल्झेने याचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या याच वाटीवर चालल्या. "अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही, मग ओढेल कसा?" असा वाद घालणारे पदवीधर इंजिनिअर मी पाहिलेत. त्यांना मी वाटी काढून हातात देतो आणि खाली चुंबक फिरवतो. मग ते चहा पितात.

एक विषयांतर करतो. चुंबकाच्या या नाजूक कामाला अलिबागेइतकं योग्य गाव नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप बिघडणार होतं, म्हणून १९०४ साली ते अलिबागेत आणलं. वेधशाळेचे संचालक तेव्हा मूस होते. चुंबकाला न ओढणारं बांधकामाचं सामान निवडून इमारती उभ्या केल्या. ट्राम कधीच गेली, वेधशाळा अजून आहे. तिथून सायकलीने जाता येईल इतक्या अंतरावर बसून मी मीटरमधल्या चुंबकाची ताकद थोडी वाढवतो किंवा कमी करतो. हीच माझी दुरुस्ती. मीटर जास्त दाखवत असेल तर चुंबक थोडा उतरवायचा, कमी दाखवत असेल तर चढवायचा. हे हातात बसायला मला तीन वर्षं लागली.

तरीही जुन्या वाटीची बाजू डोळे झाकून घेणाऱ्यांतला मी नाही. अ‍ॅल्युमिनियम तापलं की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, दर दहा अंशाला साधारण चार टक्के. भरपाईसाठी आत वेगळ्या मिश्रधातूचं एक कडं असतं. ते हरवलेलं असलं, आणि कुणीतरी आधी उघडलेल्या मीटरमध्ये ते हरवलेलंच असतं, तर एप्रिलच्या दुपारी काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. नियम बहुतेक देशांत उलटा आहे. काट्याने थोडं जास्त दाखवलं तर चालेल, कमी कधीच दाखवता कामा नये. म्हणून तर नव्या गाडीचा मीटर फोनमधल्या जीपीएसपेक्षा दोन-चारने पुढे असतो. लोक तो घेऊन माझ्याकडे भांडायला येतात. तो तसाच असायला हवा, हे पटवण्यात माझी निम्मी सकाळ जाते.

दुसरा समज, इलेक्ट्रॉनिक म्हणजे अचूक. नानांच्या बुलेटचं चाक एका फेरीत दोन मीटरच्या आसपास जातं. चाकावर एक चुंबक आणि समोर सेन्सर लावला, तर ताशी साठ किलोमीटरला सेकंदाला आठ ठोके मिळतात. ठीक आहे. पण ताशी पाचला दोन ठोक्यांमध्ये एक सेकंदाहून जास्त वेळ जातो. तेवढ्या वेळात गाडी थांबली की चालली, हे मीटरला कळत नाही. त्याने अंदाज बांधायचा असतो, आणि तो अंदाज कसा बांधायचा हे माझ्यासारख्याने ठरवलेलं असतं.

शिवाय या गाड्या सहा व्होल्टच्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या सर्किटला पाच व्होल्ट लागतात, आणि ते पाच देणारा साधा रेग्युलेटर स्वतःसाठी वर दोनेक व्होल्ट मागतो. सहात सात कुठून आणायचे? त्यातून स्पार्क प्लगची ठिणगी रेडिओसारखी सगळीकडे शिंकत असते. प्लगच्या कॅपमध्ये रेझिस्टर नसेल तर मीटर उभ्या गाडीवर नव्वद दाखवतो. पोरांना ते आवडतं.

आता अँमीटरबद्दल. इथे मी लांबतो, असं घरचे म्हणतात. बुलेटच्या हेडलाइटच्या मोठ्या कवचात वेगाच्या मीटरशेजारी एक छोटा मीटर असतो, मध्ये शून्य, डावीकडे उणे, उजवीकडे अधिक. तो गाडीतला जवळजवळ सगळा करंट स्वतःतून जाऊ देतो आणि बॅटरी भरतेय की रिकामी होतेय, ते सांगतो. आजकाल सगळे तो काढून व्होल्टमीटर बसवायला सांगतात. कारण खरं आहे. अँमीटरच्या टोकाला खाऱ्या हवेने गंज धरला की गाडीच बंद पडते, व्होल्टमीटर मेला तर गाडीला पत्ताही लागत नाही. पण आपल्या वाडीतला रहाट आठवा. व्होल्टमीटर म्हणजे विहिरीत किती हात पाणी आहे ते डोकावून बघणं. अँमीटर म्हणजे पाटाच्या तोंडाशी उभं राहून पाणी येतंय का आणि किती जोराने येतंय, ते बघणं. विहीर भरलेली असताना लोटे फुटले तर डोकावणाऱ्याला ते संध्याकाळी कळतं, पाटाजवळ उभ्या असलेल्याला लगेच. मी अँमीटर काढत नाही. टोकं घासतो, नवे वायसर टाकतो, ग्रीस भरतो. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. पूर्वी या विषयावर मी माणसं तोडली आहेत, हल्ली नुसता गप्प बसतो.

कायद्याचंही लोक विचारतात. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, दुचाकींनाही, पण गाडी मूळ रूपात हवी. कवच मूळ आणि आतडी नवी, हे मूळ रूप की नाही? मला विचाराल तर उत्तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असतं. जो ते कुणाला सांगायला लाजतो, त्याची गाडी मूळ नाही.

नानांचा मीटर मी गेल्या दिवाळीनंतर बदलून दिला. मूळ डायल, मूळ काटा, आत बारीक स्टेपर मोटर. दिसायला देखणा झाला, मी स्वतः फोटो काढून ठेवला. तीन आठवड्यांनी नानांचा फोन. "अरे, गाडी अंगणात उभी आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. आणि काटा तीसवर आहे."

गेलो. बाजाराच्या गर्दीत त्यांनी हॉर्न दाबला होता. जुनी बॅटरी साडेचार व्होल्टपर्यंत बसली, चिप अडकली आणि काटा होता तिथेच राहिला. स्टेपर मोटरचा हा स्वभाव आहे, वीज गेली की जागा सोडायची नाही. नाना बाजारातून घरापर्यंत तीस मैलांचा काटा बघत आले. मोठं काही झालं नाही. वळणावर त्यांनी उगाच ब्रेक लावला, मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली, एवढंच.

पण माझी झोप गेली, कारण हे मला ठाऊक होतं. कारखान्यात आम्ही हवेच्या दाबावर चालणारी उपकरणं काढून विजेची बसवली, तेव्हा पहिल्या दिवशी शिकलो ते हेच. हवेच्या उपकरणात शून्य म्हणजे तीन पौंड दाब आणि पूर्ण म्हणजे पंधरा. विजेच्यात शून्य म्हणजे चार मिलिअँपिअर, पूर्ण म्हणजे वीस. शून्यालासुद्धा काहीतरी वाहत ठेवायचं, म्हणजे तार तुटली की आकडा शून्याच्याही खाली जातो आणि माणसाला कळतं, की टाकी रिकामी नाही, मीटर मेलाय. त्याला जिवंत शून्य म्हणतात. शुल्झेच्या वाटीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिथे केबल तुटली की स्प्रिंग काटा खाली आणून खिळीवर आपटते. त्याआधी महिनाभर केबल कुरकुरते, काटा थरथरतो. लोक त्या थरथरीला बिघाड म्हणतात आणि म्हणून मीटर बदलून मागतात. मी बदलून दिला. तेवीस वर्षं जे सांभाळलं ते एका बुलेटवर विसरलो.

आता सुधारलंय. आत एक मोठा कपॅसिटर आहे. व्होल्ट पडायला लागले की सेकंदभर तो जीव धरतो आणि तेवढ्यात काटा शून्याच्या खाली नेऊन ठेवतो. चालू मीटर उभ्या गाडीवर शून्यावर असतो, मेलेला शून्याखाली. चाकाजवळचा सेन्सरही बदलला. मोटारींच्या एबीएसमधला दोन तारांचा घेतला. तो सात आणि चौदा मिलिअँपिअर यांच्यात बोलतो, म्हणजे तोही कधी पूर्ण गप्प नसतो. तार तुटली की तेही कळतं.

राहिली वही. नाना १९७१पासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना मीटरचा आकडा वहीत लिहितात, मैल आणि लिटर, असा अर्धा इंग्रज अर्धा देशी हिशेब. आकड्यांची चाकं त्यांना पूर्वीसारखीच फिरलेली हवी होती. मी एक छोटी मोटर लावून मूळ चाकंच फिरवली, मैलाला सोळाशे. पण जुना मीटर काढण्याआधी मी रेवदंड्याच्या रस्त्यावर दगड मोजून बघितलं होतं. दहा किलोमीटरना सहा पूर्णांक दोन मैल व्हायला हवेत, नानांचा मीटर साडेसहाच्या जवळ जायचा. शंभराला चार जास्त. यात चुंबकाचा दोष नाही, ही चाकं निव्वळ गरारीवर चालतात. कधीतरी कुणीतरी टायर किंवा गरारी बदलली असणार.

म्हणजे वहीतला प्रत्येक मैल थोडा आखूड आहे. मुलगा म्हणाला, "काका, आता बरोबर करून टाका." नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "म्हणजे माझी सरासरी एकदम खाली दिसणार?" मी म्हटलं, दिसेल. ते काही बोलले नाहीत, वही मिटली.

चिपमध्ये तो आकडा एका ओळीत असतो. मी शंभराला एकशे चार ठेवलाय. मुलाला अजून सांगितलेलं नाही.